राज्यशास्त्रात धर्माचा अभ्यास नेमका कसा होतो? साहित्य-आढाव्यासाठी मार्गदर्शन हवं आहे (मंचावरची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

अनुक्रमणिका

नमस्कार. पीएच.डी.च्या प्रस्तावासाठी साहित्य-आढावा, म्हणजे आधीच्या संशोधनाचा आढावा, लिहायचा आहे. विषय 'धर्म आणि राजकीय सहभाग'. गृहीतक सध्या असं: जे लोक अधिक धार्मिक असतात ते अधिक प्रमाणात मतदान करतात. आकडेवारीसाठी वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हे वापरायचा विचार आहे, कारण ती खुली आहे आणि त्यात देश भरपूर आहेत.

तीन गोष्टींचा उलगडा होत नाही. जवळजवळ प्रत्येक लेखाची सुरुवात 'राज्यशास्त्राने धर्माकडे दुर्लक्ष केलं' या वाक्याने होते आणि पुढे तोच लेख पन्नास वर्षांच्या संशोधनाचा हवाला देतो. यातलं खरं काय मानायचं? दुसरं, काही अभ्यासक धर्माला कारण मानतात, काही त्याला हितसंबंधांवरचं पांघरूण समजतात, आणि काही म्हणतात की 'धर्म' ही कोटीच (वर्गवारीच) चुकीची आहे. या तिघांना एका आढाव्यात कसं बसवायचं? आणि तिसरं, धार्मिकता मोजण्यासाठी सर्वेक्षणातले कोणते प्रश्न घ्यावेत?

तळटीप

दुर्लक्षाची तक्रार अर्धी खरी आहे. कोणता अर्धा भाग खरा, हे पहिल्याच पानावर लिहा म्हणजे पुढचं लेखन सोपं जाईल.

केनेथ वॉल्ड आणि क्लाइड विलकॉक्स यांनी 2006 साली 'अमेरिकन पोलिटिकल सायन्स रिव्ह्यू' या शतक पूर्ण करणाऱ्या नियतकालिकातच हा हिशेब मांडला. इतर सामाजिक शास्त्रांच्या तुलनेत धर्मावरचं लेखन तिथे फारच तुरळक निघालं. पण हा हिशेब एका नियतकालिकाचा आहे, साऱ्या विषयाचा नाही. युरोपातल्या पक्षपद्धतींवर लिहिणाऱ्यांनी धर्म कधीच सोडला नव्हता. लिप्सेट आणि रोक्कान यांच्या 1967 च्या मांडणीत मतदारांना विभागणाऱ्या चार भेगा आहेत: केंद्र विरुद्ध परीघ, राज्य विरुद्ध चर्च, शेती विरुद्ध उद्योग, मालक विरुद्ध कामगार. म्हणजे मतदानाच्या अभ्यासात धर्म पायातच होता. खरं दुर्लक्ष झालं ते आंतरराष्ट्रीय संबंध आणि लोकशाहीकरणाच्या अभ्यासात. 1648 च्या वेस्टफालिया तहानंतर राज्याराज्यांतल्या राजकारणातून धर्म हद्दपार झाला, अशी तिथली रूढ समजूत होती. 1979 ची इराणी क्रांती आणि त्यानंतर 2001 चे हल्ले यांनी ती हलवली. 'पॉलिटिक्स अँड रिलिजन' हे स्वतंत्र नियतकालिक 2008 मध्ये सुरू झालं, यावरून कालक्रम लक्षात येईल.

या समजुतीच्या मागे इहवादीकरणाचा, म्हणजे सेक्युलरायझेशनचा सिद्धान्त होता. आढाव्यात 'हा सिद्धान्त खोटा ठरला' असं एका ओळीत लिहू नका. परीक्षक पहिला प्रश्न तिथेच विचारतील. होजे कासानोव्हा यांनी 1994 मध्ये दाखवलं की या एका नावाखाली तीन वेगळे दावे दडलेले आहेत. राज्य, बाजार, विज्ञान ही क्षेत्रं धर्मसंस्थेपासून वेगळी होतात, हा पहिला. श्रद्धा आणि आचरण घटतं, हा दुसरा. धर्म खाजगी जीवनापुरता उरतो, हा तिसरा. त्यांच्या मते पहिला टिकतो, तिसरा टिकत नाही, आणि दुसरा देशागणिक बदलतो. पीटर बर्गर 1967 मध्ये या सिद्धान्ताचे मोठे प्रवक्ते होते आणि 1999 मध्ये त्यांनी स्वतःच तो मागे घेतला, हे सगळेच उद्धृत करतात. पण 2004 मध्ये पिपा नॉरिस आणि रोनाल्ड इंगलहार्ट यांनी दुसऱ्या दाव्याची सुधारलेली आवृत्ती मांडली, ती गाळली जाते. जिथे जगण्याची शाश्वती वाढते तिथे धार्मिकता घटते, पण असुरक्षित समाजांत जन्मदर जास्त असल्याने जगातल्या धार्मिक लोकांचं प्रमाण मात्र कमी होत नाही, असं त्यांचं म्हणणं. तुम्ही वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हे वापरणार असाल तर हा वाद टाळता येणार नाही, कारण त्यांचा पुरावा बराचसा तिथलाच आहे.

आता दुसरा प्रश्न. 'हितसंबंधांवरचं पांघरूण' हे वर्णन त्या प्रवाहावर अन्याय करणारं आहे. स्टॅथिस कालिव्हास यांचं 1996 चं काम घ्या. युरोपात ख्रिश्चन डेमोक्रॅटिक पक्ष का उभे राहिले? श्रद्धाळू मतदार होते म्हणून, हे उत्तर पुरत नाही; फ्रान्समध्येही श्रद्धाळू मतदार होते, पण तिथे असा पक्ष त्या काळात उभा राहिला नाही. कालिव्हास सांगतात की उदारमतवादी सरकारांनी शाळांवरचा चर्चचा ताबा काढायला घेतला, तेव्हा चर्चने स्वसंरक्षणासाठी सामान्य अनुयायांच्या संघटना उभ्या केल्या. बेल्जियममध्ये 1879 च्या शाळा-कायद्यानंतर हेच घडलं आणि 1884 ला कॅथलिक सत्तेवर आले. पक्ष काढणं चर्चच्या मनात नव्हतं. पक्ष झाल्यावर तो चर्चच्या हातातही राहिला नाही. इथे कर्ता आहे संस्था, आणि घडलेली गोष्ट कोणाच्याच योजनेत नव्हती. पांघरुणाच्या कल्पनेत हे मावत नाही.

अँथनी गिल (1998) याच वाटेने लॅटिन अमेरिकेत जातात. चिलीतल्या बिशपांनी लष्करी राजवटीला विरोध केला आणि अर्जेंटिनातल्यांनी बहुतांशी केला नाही, हा फरक का? गिल यांचं उत्तर: जिथे गरीब वस्त्यांत प्रोटेस्टंट पंथ कॅथलिकांचे अनुयायी ओढून नेत होते, तिथे चर्चला गरिबांच्या बाजूने उभं राहणं भाग पडलं. गिलेर्मो त्रेहो यांनी 2009 मध्ये मेक्सिकोतल्या आदिवासी चळवळींबद्दल असाच युक्तिवाद केला. स्पर्धा असेल तिथे पाद्री चळवळीच्या पाठीशी.

निळी शाई

तळटीप यांच्या बाकी मांडणीशी सहमत आहे, पण स्पर्धेच्या सिद्धान्ताची मर्यादा सांगितली नाही तर आढावा एकांगी होईल. पोलंडमध्ये प्रोटेस्टंट स्पर्धा जवळपास नव्हती, तरी तिथलं चर्च कम्युनिस्ट राजवटीच्या विरोधात ठाम राहिलं. स्पेनमध्येही हुकूमशहा फ्रँकोच्या शेवटच्या वर्षांत चर्च राजवटीपासून दूर गेलं, तेही स्पर्धेविना. सॅम्युएल हंटिंग्टन यांनी 1991 मध्ये नोंदवलं की 1974 ते 1989 दरम्यान लोकशाहीकडे वळलेल्या देशांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कॅथलिक होते. हे सगळे एकाच काळात का वळले? कारणांमध्ये कॅथलिक चर्चची दुसरी व्हॅटिकन परिषद (1962–65) धरावीच लागते. 1965 मध्ये चर्चने धर्मस्वातंत्र्य हा माणसाचा हक्क असल्याचं अधिकृतपणे मान्य केलं. म्हणजे शिकवण बदलली, आणि त्या शिकवणीचं वजन प्रत्येक देशातल्या बिशपांवर पडलं. डॅनियल फिलपॉट (2007) यांनी हे दोन्ही धागे जोडले आहेत: धर्मसंस्थेची राजकीय शिकवण काय आहे, आणि राज्य व धर्मसंस्था एकमेकांपासून कितपत स्वायत्त आहेत. एकाच धर्मातून लोकशाहीचे पाठीराखेही निघतात आणि हिंसाही निघते, याचं उत्तर ते या दोन गोष्टींच्या मेळात शोधतात. आल्फ्रेड स्टेपन (2000) यांची 'दुहेरी सहिष्णुता', म्हणजे राज्य आणि धर्मसंस्था यांनी एकमेकांना मोकळीक देणं, याच्या शेजारी ठेवा. इंग्लंडमध्ये 26 बिशप वरिष्ठ सभागृहात बसतात, तरी लोकशाही चालते. तेव्हा संपूर्ण फारकत ही लोकशाहीची पूर्वअट नाही, हा त्यांचा मुद्दा.

'धर्म ही कोटीच चुकीची' म्हणणाऱ्यांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आढाव्यांत यांची बोळवण शेवटच्या परिच्छेदात होते आणि ती चूक आहे. तलाल असद (1993) यांचा मुद्दा असा, की मनातली श्रद्धा हा धर्माचा गाभा आणि बाकी सगळं बाह्यांग, ही व्याख्या प्रोटेस्टंट युरोपच्या इतिहासातून आली आणि मग सगळ्या जगाला लावली गेली. मराठी वाचकाला हे चटकन पटावं. आपण 'रिलिजन'साठी 'धर्म' म्हणतो, पण 'शेजारधर्म' किंवा 'पुत्रधर्म' म्हणताना त्याच शब्दाचा अर्थ कर्तव्य असतो. जपानीत तर 'रिलिजन'साठीचा आजचा शब्द एकोणिसाव्या शतकात पाश्चात्त्यांशी करार करताना रूढ झाला. म्हणून तिथे 'तुमचा धर्म कोणता?' विचारलं की पुष्कळ लोक 'कोणताच नाही' म्हणतात आणि नववर्षाला देवस्थानात मात्र जातात.

याचा अर्थ सर्वेक्षणं टाकून द्या असा नाही. एलिझाबेथ शाकमन हर्ड (2015) यांचा भेद हाताशी घ्या: तज्ज्ञांनी आखलेला धर्म, राज्यसंस्थेने मान्यता दिलेला धर्म आणि लोक प्रत्यक्ष जगतात तो धर्म. वाचलेल्या प्रत्येक अभ्यासापुढे या तिन्हींपैकी कोणता मोजला आहे हे लिहा. जनगणनेचा रकाना दुसऱ्या प्रकारचा आहे आणि बहुतेक लेखक निष्कर्ष मात्र तिसऱ्याबद्दल काढतात. आढाव्यात दाखवण्यासारखी ही फट आहे.

मोजपट्टी

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. धार्मिकतेचा एकच निर्देशांक करू नका. किमान तीन बाजू वेगळ्या ठेवा: कोणत्या समूहाचे आहात (ओळख), काय मानता (श्रद्धा), काय करता (आचरण). एकत्र बेरीज केली की तिन्हींचे परिणाम एकमेकांना खोडू शकतात आणि हाती शून्याजवळचा आकडा येऊ शकतो. तुमच्या विषयात तर हा धोका आहेच. खाजगी प्रार्थना आणि सामूहिक उपासना यांचा राजकीय सहभागाशी संबंध सारखा असेल, असं मानायला आधार नाही.

प्रश्नांच्या अडचणी अशा. 'उपासनेला किती वेळा जाता?' हा प्रश्न आठवड्याला जमणाऱ्या समुदायांसाठी बनलेला आहे. जिथे उपासना घरी होते, किंवा स्त्रियांनी उपासनास्थळी जाण्याची रीतच नाही, तिथे अत्यंत धार्मिक व्यक्तीही 'क्वचित' या पर्यायात जाते. 'तुमच्या आयुष्यात देव किती महत्त्वाचा, 1 ते 10?' हा प्रश्न बौद्ध समाजांत निरर्थक ठरू शकतो. आणि ज्या देशांत बहुतेक जण 10 सांगतात तिथे चलात, म्हणजे मोजलेल्या गोष्टीत, फरकच उरत नाही; त्या देशापुरतं तुमचं समीकरण काही सांगणार नाही. म्हणून मॉडेल चालवण्याआधी प्रत्येक देशासाठी प्रत्येक प्रश्नाची वारंवारता छापून बघा. पंथांचे रकानेही तपासा. अमेरिकेत 'प्रोटेस्टंट' हा एक गट धरला तर इव्हँजेलिकल, मुख्य प्रवाहातले आणि कृष्णवर्णीय चर्चचे लोक एकत्र येतात, आणि त्यांचं मतदान एकमेकांपासून खूप वेगळं आहे. 2000 सालापासून तिथे हे वेगळे करण्याची पद्धत रूढ झाली ती याचमुळे.

आता सगळ्यात मोठा धोका, जो तुमच्या गृहीतकाच्या मुळाशी आहे. उपासनेला जाणं आणि मतदान करणं, दोन्ही गोष्टी लोक वाढवून सांगतात. 1993 मध्ये हॅडवे, मार्लर आणि चेव्हज यांनी प्रत्यक्ष मोजणी केली, तेव्हा चर्चमधली उपस्थिती अमेरिकी चाचण्यांत सांगितल्या जाणाऱ्या सुमारे 40 टक्क्यांच्या निम्म्याच्या आसपास निघाली. मतदानाचंही तेच, सर्वेक्षणातली टक्केवारी जवळपास नेहमी अधिकृत टक्केवारीच्या वर असते. चांगलं दिसण्याची ओढ असलेली तीच व्यक्ती दोन्ही प्रश्नांना 'हो' म्हणते. मग तुम्हाला धर्म आणि मतदान यांच्यात ठळक सहसंबंध दिसेल, आणि त्यातला काही भाग निव्वळ उत्तर देण्याच्या सवयीचा असेल. नमुना कितीही मोठा घेतला तरी हा दोष जात नाही. उपाय दोनच चालतात: मतदार-नोंदींशी पडताळलेलं मतदान असलेली आकडेवारी घेणं, किंवा 'गेल्या वर्षात किती वेळा' याऐवजी 'काल दिवसभरात काय केलं' अशा वेळ-नोंदीवरून उपस्थिती काढणं.

अनुक्रमणिका

तिघांचेही मनापासून आभार. मतदान आणि उपस्थिती एकत्र फुगण्याचा मुद्दा अजिबात लक्षात आला नव्हता. गृहीतक असं बदललं तर? 'ज्या लोकांना उपासक-समुदायात काही जबाबदारी असते, बैठक चालवणं, वर्गणी गोळा करणं, पत्रं लिहिणं, ते मतदानापलीकडच्या राजकीय कामांतही अधिक दिसतात.' आणि कार्यकारणाची दिशा कशी ठरवायची? मुळात सक्रिय असलेली माणसंच दोन्हीकडे पुढे येत असतील तर?

मोजपट्टी

हे गृहीतक पुष्कळ सुधारलेलं आहे, आणि याला आधीचा भक्कम आधार आहे. व्हर्बा, श्लोझमन आणि ब्रॅडी यांनी 1995 मध्ये अमेरिकेबद्दल हेच दाखवलं: नोकरीत अशी कौशल्यं मिळण्याची संधी सुशिक्षितांनाच जास्त, पण चर्चमध्ये ती कमी शिकलेल्यांनाही मिळते. प्रोटेस्टंट चर्च सदस्य चालवतात, कॅथलिक चर्चची उतरंड वरून ठरते, म्हणून कॅथलिकांमध्ये हा लाभ कमी. पुढे 2010 मध्ये पटनम आणि कॅम्पबेल यांना आढळलं की शेजाऱ्यांना मदत करणं, स्थानिक कामांत भाग घेणं याचा संबंध श्रद्धेपेक्षा उपासक-समुदायातल्या मैत्रीशी जास्त आहे. तुमचा स्वतःचा प्रश्न इथे आहे: जिथे अशी सदस्यांनी चालवलेली रचनाच नाही, तिथे हा दुवा टिकतो का? वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हेत धार्मिक संघटनेचं सक्रिय की निष्क्रिय सदस्यत्व विचारलं आहे, पण तिथे काय काम करता हे विचारलेलं नाही. त्यामुळे तो वापरलात तर दावा तेवढाच आखूड ठेवा.

दिशेबद्दलची शंका रास्त आहे, आणि राज्यशास्त्रातलं अलीकडचं चांगलं काम तिथेच झालं. पूर्वी धार्मिकता ही पक्षनिष्ठेच्या आधीची म्हणून सरसकट समीकरणाच्या उजव्या बाजूला, म्हणजे कारण मानलेल्या चलांत टाकत. हाऊट आणि फिशर यांनी 2002 मध्ये दाखवलं की 1990 च्या दशकात 'कोणताही धर्म नाही' म्हणणारे अमेरिकी 7 वरून 14 टक्क्यांवर गेले; आणि याचं एक कारण राजकीय होतं, धार्मिक उजव्या गटाशी नातं नको म्हणून मवाळ आणि उदारमतवादी लोकांनी ती ओळखच सोडली. मिशेल मार्गोलिस (2018) यांनी त्याच व्यक्तींच्या वर्षानुवर्षांच्या मुलाखती वापरून पुढचं पाऊल टाकलं: लग्न-मुलं झाल्यावर चर्चकडे परतणाऱ्यांत रिपब्लिकन जास्त, डेमोक्रॅट कमी. म्हणजे पक्ष आधी, धर्म नंतर. एकाच वेळच्या सर्वेक्षणातून ही दिशा कधीच कळत नाही. एकाच व्यक्तीला किमान दोनदा विचारलेली पाहणी लागते, आणि पहिल्या फेरीतली राजकीय सक्रियता समीकरणात धरावी लागते.

धर्म माणसांना चिठ्ठ्या टाकून वाटता येत नाही, पण क्वचित तसं घडतं. पाकिस्तानात हज यात्रेसाठी अर्ज जास्त आणि जागा कमी, म्हणून सरकार सोडत काढतं. क्लिंगिंगस्मिथ, ख्वाजा आणि क्रेमर यांनी 2006 च्या सोडतीतल्या यशस्वी आणि अयशस्वी अर्जदारांची तुलना केली (2009). जाऊन आलेले आचरणात अधिक कडक झाले, आणि तरी इतर पंथ आणि वंशांबद्दल अधिक सहिष्णुही. 'धार्मिकता वाढली की असहिष्णुता वाढते' असं लिहिणाऱ्यांनी हा निकाल आधी वाचावा. इतिहासातूनही असा आधार मिळतो. जर्मनीत 1555 च्या ऑग्सबुर्ग तहाने राजाचा पंथ तोच प्रजेचा असं ठरलं. त्या जुन्या निर्णयाच्या आधाराने श्पेन्कुख आणि टिलमन (2018) यांनी कॅथलिक असण्याचा नाझी पक्षाच्या मतांवरचा परिणाम काढला. कॅथलिक भागांत ही मतं पुष्कळ कमी होती. पण जिथले पाद्री नाझींना अनुकूल होते, तिथे हा फरक विरून जातो. यातून दिसतं की काम धर्मगुरूंच्या भूमिकेने केलं, कॅथलिक शिकवणीने आपोआप नाही.

तळटीप

निळी शाई यांचा पोलंडचा आक्षेप मान्य. स्पर्धेच्या सिद्धान्ताने प्रोटेस्टंटांशी झुंजणाऱ्या चर्चपुरतंच बोलावं.

देश-पातळीवर काही म्हणणार असाल तर एक वादमालिका क्रमाने वाचा. स्टीव्हन फिश यांनी 2002 मध्ये मांडलं की मुस्लिमबहुल देशांत लोकशाही कमी दिसते आणि मधला दुवा स्त्रियांचं दुय्यम स्थान आहे. 2003 मध्ये स्टेपन आणि रॉबर्टसन यांनी तीच यादी अरब आणि बिगर-अरब अशी वेगळी केली. उत्पन्नाच्या मानाने लोकशाहीत अपेक्षेपेक्षा मागे पडलेले देश प्रामुख्याने अरब गटात निघाले. बिगर-अरब मुस्लिम देशांत तशी तूट नव्हती. मग 2008 मध्ये मायकल रॉस म्हणाले की स्त्रियांच्या स्थानाचं स्पष्टीकरणही तेलाच्या अर्थव्यवस्थेत अधिक सापडतं: तेलावर चालणाऱ्या अर्थव्यवस्थेत स्त्रियांना रोजगार देणारे निर्यात-कारखाने वाढत नाहीत, म्हणून त्यांचा राजकीय आवाजही वाढत नाही. सहा वर्षांत 'धर्म' या एका चलातून प्रदेश आणि तेल वेगळे निघाले. 'देशातली अमुक धर्मीयांची टक्केवारी' हा स्तंभ वापरणाऱ्या प्रत्येक अभ्यासाला हाच प्रश्न विचारा.

आणि हिंसाचारावरचं साहित्य आढाव्यात आलंच, तर नमुन्याची निवड तपासा. रॉबर्ट पेप यांनी 1980 ते 2003 मधले 315 आत्मघाती हल्ले जमवून मुख्य कारण परकी लष्कराचा ताबा आहे, धर्म नव्हे, असं मांडलं. ॲशवर्थ आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये दाखवलं की हल्ले झालेलीच प्रकरणं घेतली तर हे सिद्ध होत नाही. ताबा होता पण हल्ले झाले नाहीत अशी प्रकरणंही यादीत हवीत. धर्म हेच कारण म्हणणाऱ्या लेखांतही नेमकी हीच चूक आढळते.

निळी शाई

मोजपट्टी यांच्या मुद्द्याला एक पुरवणी. सर्वेक्षण सोडून अधिकृत नोंदींकडे वळलात तर तिथेही सावध राहा. जर्मनीत चर्चच्या नोंदणीकृत सदस्याला प्राप्तिकराच्या 8 किंवा 9 टक्के चर्च-कर द्यावा लागतो. नाव काढणाऱ्याने श्रद्धा सोडली की खर्च वाचवला, हे नोंदीतून कळत नाही. फ्रान्सची जनगणना धर्म विचारतच नाही. लेबनॉनमध्ये 1932 नंतर अधिकृत जनगणनाच झालेली नाही, कारण संसदेच्या जागा पंथांमध्ये वाटलेल्या आहेत. त्या मोजणीच्या आधारावर ख्रिश्चन आणि मुस्लिम जागांचं 6 ला 5 हे प्रमाण यादवी संपवण्यासाठी झालेल्या 1989 च्या ताइफ करारापर्यंत चाललं, आणि मग ते समसमान झालं, तेही वाटाघाटीने, नवी मोजणी न करता. तुमच्या तक्त्यात 'आकडा कोणी, कशासाठी गोळा केला' असा एक रकाना ठेवा, आणि लेबनॉनपुढे वर्ष 1932 लिहा.